हिरव्या गाडीचं नाक

एप्रिल-मे हे माझे माणसात राहायचे महिने नव्हेत. मी कूलर बनवतो. हिंगण्याच्या रस्त्याला माझं पत्र्याचं शेड आहे, आणि ऊन तापलं की अख्ख्या नागपूरला एकाच दिवशी आठवतं की आपल्या कूलरचा टब सडला, खसच्या, म्हणजे वाळ्याच्या काड्यांच्या, ताट्या कुजल्या, पंप जळाला. जो येतो तो म्हणतो, आजच पाहिजे. वर्षभर झोपा काढता आणि मे महिन्यात माझ्या डोक्यावर येऊन बसता, असं मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो. तरी येतात, कारण माझा कूलर गळत नाही.

अशा ऐन सिझनमध्ये माझी मोठी बहीण शेडात आली. ताई खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत नर्स होती, आता रिटायर आहे. ती उगाच कुणाच्या दारात जात नाही. कापलेल्या पत्र्यांतून वाट काढत आली, स्टुलावर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली की माझ्या सवतीचं काहीतरी कर.

सवत म्हणजे भाऊजींची गाडी. भाऊजी खापरखेड्याला वीज केंद्रात बॉयलरवर होते. तिथे नोकरीत असताना त्यांना कळमेश्वरकडे एका संत्र्याच्या बागेच्या गोदामात, पेट्यांखाली दबलेली, एक जुनी विलायती स्पोर्ट्स गाडी सापडली. बाटलीसारखी हिरवी, वरून उघडी आणि दोनच सीटची. ती त्यांनी दोर बांधून ओढत आणली आणि कॉलनीतल्या क्वार्टरसमोर कित्येक वर्षं तिची सेवा केली. ताईच्या संसारातले सगळे रविवार त्या गाडीने खाल्ले, म्हणून ती सवत. तिच्या स्टिअरिंगला भाऊजींशिवाय कोणाचा हात लागलेला नव्हता. ताईने स्वतःची छोटी गाडी चालवत अर्धी नोकरी केली, रात्री-बेरात्री बाळंतपणाला गेली, पण हिरवीवर तिने कधी फडकंसुद्धा मारलं नाही. मारू दिलं नाही म्हणा.

ताईने सांगितलं ते असं. भाऊजींना कंपवात झालाय हे मला माहीत होतं, चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायला लागले होते. नवीन हे होतं की डॉक्टरांनी या उन्हाळ्यानंतर गाडी चालवणं बंद करायला सांगितलं होतं. आणि भाऊजींनी मनात घेतलं होतं की बुद्ध पौर्णिमेला ताईला हिरवीत बसवून कळमेश्वरच्या पुढे आमच्या गावच्या विहारात न्यायचं आणि त्याच गाडीने परत आणायचं. आजवर हे एकदाही जमलं नव्हतं. गाडी थंडीत छान पळायची, पण उन्हाळ्यात एकदा बंद केली की पुन्हा चालूच व्हायची नाही. फार पूर्वी एकदा ताई तिच्यात बसली होती, तेव्हा भर दुपारी चौकात ती बंद पडली. ताई उतरली, ऑटो केला आणि घरी गेली. त्यानंतर ती बसलीच नाही. या पौर्णिमेलाही जमलं नाही तर पुण्याच्या एका शौकिनाला गाडी देऊन टाकायची, असं भाऊजींचं ठरलं होतं. जी गाडी बायकोला तिच्या गावी नेऊन आणू शकत नाही ती दारात कशाला, म्हणे.

मी म्हटलं, मंग बरंच आहे ना वं, सवत आपोआप घरातून चालली. ताईने माझ्याकडे पाहिलं, लहानपणी मी शाळेला दांडी मारली की पाहायची तसं.

"गाडी गेली त हा मानूस खाटेवर बसन, बाबू. अन् एकदा बसला त उठनार नाई. मी नोकरीत लय पाह्यले असे."

मी शेडातल्या गड्याला सिझन सांभाळायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ताईकडे गेलो.

भाऊजींनी बोनेट उघडून दाखवलं. इंजिनच्या डाव्या अंगाला दोन कार्बोरेटर शेजारी शेजारी बसलेले, त्यांच्या तोंडांवर दोन गोल डब्या, त्या डब्यांत हवेची गाळणी. इथवर ठीक. पण घोडं पेंड खात होतं ते त्यांच्या खाली. धुराचे नळ बरोबर कार्बोरेटरच्या खालून जात होते, तापून लाल होणारे. म्हणजे ही गाडी श्वास कुठला घ्यायची, तर चुलीवरचा. त्यात आपला मे महिना. गाडी उभी केली की पेट्रोल कार्बोरेटरच्या वाटीतच उकळायचं, मग चालू कुठून होणार? मी म्हटलं, भाऊजी, एवढी वर्षं तुम्हाला हे दिसलं नाही का?

दिसलं होतं. पण त्यांना त्यात काही चूक वाटत नव्हती. बॉयलरला हवा गरम करूनच देतात, त्यासाठी वेगळं यंत्र असतं, गरम हवेने कोळसा वाचतो, हे त्यांनी मला शाळामास्तरासारखं समजावलं. आता मला माझ्या विषयात कोणी शिकवलेलं खपत नाही, आणि हवा हा माझा विषय आहे. मी म्हटलं, हे काही वीज केंद्र नव्हे, पाव्हण्यासारखं बोलवून आणलेलं विलायती इंजिन आहे, त्याच्या मुलखात ऊन म्हणजे कौतुक. त्याला थंड हवा द्या. ते म्हणाले, तुला सगळीकडे कूलरच दिसते. मी म्हटलं, अन् तुमाले बॉयलर. आमचे आवाज एवढे चढले की ताईने स्वयंपाकघरातून विचारलं, दोघं मिळून माझं घर गरम करणार आहात की थंड.

शेवटी माझंच खरं झालं. त्या गोल डब्या काढून, धुराच्या नळांपासून तोडलेली एक बंद पेटी कार्बोरेटरच्या तोंडावर बसवायची आणि तिचं नाक गाडीच्या पुढच्या जाळीपर्यंत काढायचं, म्हणजे गाडी बाहेरची ताजी हवा ओढेल. एवढ्यावर मी थांबलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. माझ्या डोक्यात आलं की बाहेरची हवा तरी कुठे थंड आहे? नागपूरच्या मे महिन्यात बाहेरची हवा म्हणजे लू, नुसती भाजणारी झळ. मग तिला थंड करायला काय लागतं ते मला नाही कळणार तर कोणाला कळणार?

मी पेटीच्या तोंडाला खसची ताटी बसवली.

हसा. आता मीही हसतो. पण तेव्हा आम्हा दोघांनाही ती अक्कल वाटली होती. भाऊजींना तर इतकी आवडली की काच धुण्याच्या पाण्याची जी बाटली गाडीत असते, तिची नळी ताटीवर वळवायची कल्पना त्यांचीच. बटण दाबलं की ताटी ओली. घरात एक कूलरवाला आणि एक बॉयलरवाला, दोघांनी मिळून गाडीला कूलर लावला आणि एकमेकांची पाठ थोपटली. जगात दुसऱ्या कुठल्या गावी हे झालं नसतं.

ऊन रणरणत असताना आम्ही गाडी हिंगण्याच्या रस्त्याला काढली. उन्हातच पाहायचं होतं ना. मी डाव्या सीटवर. इंजिनातून खसचा वास यायला लागला आणि भाऊजी लहान मुलासारखे हसायला लागले. एका टपरीपाशी गाडी बंद केली, चहा घेतला, मुद्दाम वेळ काढला. पुन्हा चाबी फिरवली तर पहिल्या झटक्यात चालू. भाऊजींनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. ती थाप थरथरती होती, पण आनंदाची होती.

परत येताना झालं ते. पुढे कंपनीची बस थांबत होती, शिफ्ट सुटली होती. भाऊजींनी वेग कमी करायला पाय उचलला, आणि गाडी कमी झालीच नाही. उलट इंजिन ओरडायला लागलं. भाऊजींनी ब्रेक दाबला, क्लच घाईत राहूनच गेला, गाडी थरारत पुढे. मी ओरडलो, बंद करा, चाबी बंद करा. त्यांचा हात चाबीकडे गेला. बोटं चाबीभोवती नुसती फिरत राहिली, पकड बसेना. मी वाकून चाबी फिरवली. गाडी बसच्या मागे, हात लांबवला तर लागेल इतक्यावर थांबली. बसमधून उतरणारी माणसं आमच्याकडे पाहून पुढे गेली.

भाऊजी उतरले आणि रस्त्याच्या कडेला एका कडुलिंबाखाली जाऊन बसले. मी म्हटलं, ॲक्सिलरेटर अटकला असेल, मी पाहतो. त्यांनी उजव्या पायातली चप्पल काढली आणि पायाकडे पाहत राहिले. मग म्हणाले,

"पाय उचलला का नाई उचलला, मलेच मालूम नाई गा."

गाडी टेम्पोला बांधून घरी आणली. घरात शिरताच भाऊजींनी पुण्याला फोन केला आणि सांगितलं की पौर्णिमेची वाट पाहू नका, येऊन घेऊन जा. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

सकाळी मी पुन्हा गेलो तर भाऊजी खाटेवर होते. भिंतीकडे तोंड. पेपर घडी न मोडता तसाच पडलेला. ताई म्हणाली होती ते एका दिवसात घडलं होतं. मी तसाच मागे गाडीपाशी गेलो. मला काही सुचत नव्हतं म्हणून मी पेटी काढली, हाताला चाळा पाहिजे होता एवढंच.

मागच्या कार्बोरेटरच्या तोंडात हवेची झडप असते, पत्र्याची गोल चकती. पाय दाबला की उघडते, उचलला की मिटते. त्या चकतीच्या काठात खसची एक काडी अडकली होती. चकती मिटत आली होती, मिटली नव्हती.

मला आधी हसू आलं आणि मग स्वतःचाच राग आला. ताटीच्या मागे मी कूलरची जाळी लावली होती, ती मोठ्या भोकांची. कूलरमध्ये काडी निसटली तर निसटली, पंखा तिला खोलीत फेकतो, पोरं उचलून खेळतात. तीस-पस्तीस वर्षांची सवय हातात बसलेली, मला वेगळा विचार सुचलाच नाही. इंजिन काडी फेकत नाही, गिळतं.

काडी मी काढली नाही. आत जाऊन भाऊजींना म्हटलं, उठा. ते म्हणाले, राहू दे बाबू. मी म्हटलं, राहू देत नाही, तुम्ही उठत नसाल तर मी खाट उचलून गाडीपाशी नेतो. मी चिडलो की खरंच असलं काही करतो हे त्यांना माहीत आहे, म्हणून उठले.

त्यांनी टॉर्च दोन्ही हातांनी धरला. उजेड इंजिनभर नाचत होता. मग त्यांनी मनगट गाडीच्या काठाला टेकवलं आणि उजेड थांबला. ते वाकून पाहत राहिले. मी काडी चिमट्याने ओढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"म्हंजे माहा पाय नव्हता," ते म्हणाले.

मी म्हटलं, नव्हता. माझी काडी होती.

त्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला तो मी पाहिला. पण भाऊजी खोटं घेणारा माणूस नाही, दुसऱ्याचं नाही आणि स्वतःचंही नाही. काडी माझ्या हातात परत देत ते म्हणाले, "पन चाबी त तूच फिरवली ना."

मी म्हटलं, आधी गाडीचं नाक नीट करू, मग चाबीचं पाहू.

ताईला कळलं तेव्हा तिने मला जे धुतलं ते इथे सगळं लिहिता येत नाही. गाडीले खस लावते, मंग बाजूले माठ बी ठेवाचा होता, कांदा बी ठेवाचा होता खिशात, लू लागू नाई म्हून. नवऱ्यालाही सोडलं नाही. आणि हे सगळं बोलत असतानाच तिने फोन उचलून नवऱ्याच्या हातात दिला आणि सांगितलं की त्या पुण्याच्या माणसाला म्हणा, पौर्णिमा होऊ द्या. भाऊजींनी मुकाट्याने तसं सांगितलं.

मग आम्ही काम शहाण्यासारखं केलं. आधी पुठ्ठ्याची पेटी केली. कापून, दुमडून, गाडीत बसवून, बोनेट लावून पाहायची, जिथे लागते तिथे खूण करायची, पुन्हा कापायची. पुठ्ठ्यावर भाऊजींना रेघ ओढता येईना, पेन्सिल उड्या मारायची. मग मनगट कशाला तरी टेकवलं की हात थांबतो हे त्यांचं त्यांनाच आठवलं, आणि ते गाडीच्या काठावर, माझ्या खांद्यावर, जिथे जमेल तिथे हात टेकवून खुणा करायला लागले. मी हललो की ओरडायचे. माझा खांदा हा त्यांचा टेबल झाला होता.

पुठ्ठा जमल्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा घेतला, हलका आणि न गंजणारा. कापला मी, वाकवला मी, धरला त्यांनी. पत्रा दोन्ही हातांनी दाबून धरायचा असला की त्यांचा हात कापत नसे. जोड एमआयडीसीत ओळखीच्या ठिकाणी आर्गन वेल्डिंगने भरून आणले. पेटीच्या वरच्या काठाला रबराची पट्टी बसवली, म्हणजे बोनेट मिटलं की झाकण घट्ट. खाली धुराच्या नळांवर एक वेगळा पत्रा, मध्ये हवा खेळायला जागा सोडून. आणि पुढे जाळीपर्यंत रुंद नाक.

नाक किती रुंद ते मी ठरवलं. पंखा जेवढी हवा फेकतो तेवढी आत यायला वाट पाहिजे, नाहीतर पंखा नुसता गरगरतो, हे कूलरचं पहिलं गणित. नाकाला वळण कसं द्यायचं ते भाऊजींनी ठरवलं. त्यांच्या केंद्रात माणूस उभा राहील एवढे हवेचे बोगदे असतात, आणि त्यात कुठेच काटकोन नसतो. हवेले कोपरा आवडत नाई, म्हणाले. मी केलेला कोपरा त्यांनी तोडायला लावला. मी कुरकुर करत तोडला. आणि ताटी? ताटीच्या जागी तेलात बुडवून पिळलेला जाड स्पंज, पेटीच्या आत, काडी सोडा, धूळही जाणार नाही असा.

पेटीच्या आत कार्बोरेटरच्या तोंडाला तुतारीसारखं उमललेलं तोंड लागतं, म्हणजे हवा काठाला न अडखळता आत जाते. तसं तोंड कुठे मिळणार? इतवारीत पितळेचे लोटे मिळाले. गळा बरोबर मापाचा, काठ बाहेर वळलेला. दुकानदाराने जोडी बांधून देताना विचारलं, लग्न कोणाचं? भाऊजी म्हणाले, गाडीचं. दुकानदाराला वाटलं म्हातारा चळला. गळे कापून घेतले, बुडं ताईला दिली. तिने त्यांत तुळशीची नव्हे, कढीपत्त्याची रोपं लावायची ठरवली आणि त्यावरूनही आम्हाला ऐकवलं.

शेवटचं काम राहिलं ते बारीक. हवा थंड झाली म्हणजे पेट्रोलही थोडं जास्त लागतं. प्रत्येक कार्बोरेटरच्या खाली एक नट असतो, तो जरासा फिरवायचा आणि ऐकायचं. भाऊजी कानाला रबरी नळी लावून दोन्ही तोंडांचा सूसू आवाज ऐकत होते. नट फिरवायला त्यांची बोटं जाईनात. मी फिरवला तर माझा हात पत्र्याचा, जास्तच फिरायचा. ते वैतागले. मी वैतागलो. ताई चहा घेऊन आली होती, ती आमचा तमाशा पाहत उभी राहिली.

भाऊजींनी नळी कानातून काढली. "इकडे ये वं," ते म्हणाले. "जराक फिरव."

मी ताईकडे पाहिलं. तिने चहाचा ट्रे माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि हात आत घातला. सलाईनचे थेंब जुळवण्यात त्या हाताचा जन्म गेलेला. भाऊजी डोळे मिटून बोट वर करायचे, ती केसभर फिरवायची. पुन्हा बोट, पुन्हा केसभर. मग त्यांनी पंजा उघडला, थांब. इंजिन असं एकसारखं चालायला लागलं की मलाही कळलं. ताईने हात पुसले, ट्रे परत घेतला आणि चहा गार झाला म्हणून आम्हालाच बोलली.

पौर्णिमेला सकाळी दोघं पांढऱ्या कपड्यांत निघाले. ताईने डोक्याला ओला रुमाल बांधला होता. मी मागे मोटरसायकलवर, पाण्याची कॅन, पान्हे, दोर, सगळं घेऊन. भाऊजींनी गाडी सावकाश नेली, छान नेली. मी मागून त्यांची मान पाहत होतो, ताठ होती. गाडी कुठे अडखळली नाही. गावात शिरलो तेव्हा पोरं मागे धावली आणि ताई, माझी कडक बहीण, त्यांना हात हलवत होती.

विहारात वंदना झाली, खीर वाटली, जुन्या बायका ताईच्या गळ्यात पडल्या. तोवर दुपार झाली. गाडी मी मुद्दाम उन्हातच ठेवायला लावली होती, बोनेट बंद. पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता. खरी परीक्षा आता होती. भाऊजी म्हणाले, तू एकदा चालू करून पाहा. मी चाबी फिरवली. पहिल्या झटक्यात चालू झाली. माझा जीव भांड्यात पडला. मी बंद केली, चाबी काढून भाऊजींच्या हातात दिली आणि गर्दीला म्हटलं, सरका, आता मालक काढतील गाडी.

मालक बसले. ताई डावीकडे बसली. भाऊजींनी चाबी भोकाकडे नेली आणि ती आत जाईना. दिवसभराचा थकवा, ऊन, गोळीची वेळ उलटून गेलेली. चाबी भोकाभोवती टकटक वाजत राहिली. त्यांनी मनगट टेकवलं, तरी थांबेना. लोक पाहत होते. मी पुढे होणार होतो. ताईने मान न वळवता डोळ्यांनी मला थांबवलं. ती समोर पाहत बसून राहिली, जणू काही घाई नाही.

भाऊजींनी हात खाली घेतला. थोडा वेळ तो मांडीवर ठेवला. मग उतरले, पुढून फिरून ताईच्या दारापाशी गेले, दार उघडलं आणि चाबी तिच्यापुढे धरली.

"तू चालव."

ताईने चाबी घेतली. रुमाल घट्ट केला, फिरून उजवीकडे आली आणि सीट पुढे ओढली. "तुमी नीट बसा," ती म्हणाली, "पट्टा लावा." मला वाटलं होतं या घडीला भाऊजी तुटतील. मला स्वतःला तुटायला झालं होतं. एवढी पेटी केली, नाक केलं, सगळं जमलं, आणि ज्याच्यासाठी केलं तोच माणूस डाव्या सीटवर.

ताईने गाडी काढली. गावाबाहेर पडेपर्यंत दबकत, मग रस्ता मोकळा झाला तशी तिने वेग घेतला, आणि मला मोटरसायकल पिळावी लागली. कळमेश्वरच्या अलीकडे एका आंब्याखाली गाडी एकाएकी थांबली. मी मनात म्हटलं, गेली. पान्हे घेऊन धावलो.

इंजिन चालूच होतं. ताई नवऱ्याकडे पाहत होती, घाबरलेली. भाऊजी डाव्या बाजूला झुकून, बोनेटकडे कान करून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी म्हटलं, भाऊजी, काय झालं, दुखतंय का?

"आवाज त इकडूनच येते गा, बाबू," ते म्हणाले. "तिकडं बसून कधी आयकूच नाई आला. एवढे वर्स." त्यांनी ताईला हाताने खूण केली, पाय दाब. तिने दाबला. पेटीतून तो आवाज आला, खोल, भरलेला, आणि पाय उचलल्यावर हळूच खाली बसला. भाऊजींनी डोळे पुसले नाहीत. "उद्या सकाळी बी काढू वं," ते तिला म्हणाले. "तू चालवजो. मी आयकतो."

मी मूर्खासारखं विचारलं, मग पुण्याच्या माणसाला काय सांगू?

भाऊजींनी अंगठा ताईकडे केला. "मालकिनीले विचार."

ताईने गिअर टाकला. "सरक बाबू गाडीसमोरून," ती म्हणाली, आणि मी सरकलो, आणि ते दोघं गेल्यावर आंब्याखाली पान्हे हातात धरून पोटभर रडलो.